बुडापासून कापणी

वहिनींनी विळा बांधावर आपटला.

"अहो भाऊजी, इतकं बुडापासून कापताय! खाली काय राहणार? तुमची मेंढरं काय माती चाटणार?"

मेंढपाळाने मान वर केली नाही.

"पेंढा तुम्हाला होईल, वहिनी."

दरवर्षीचा रिवाज वेगळा होता. मेंढपाळ नवरा-बायको गव्हाच्या कापणीला यायचे, वीतभर बुडखे राखून कापायचे. मग त्यांचा कळप त्यावर चरायचा, शेतातच बसायचा आणि रानाला खत मिळायचं. यंदा वहिनींच्या नवऱ्याचा पाय मोडला होता, भार सगळा या दोघांवर. आणि नेमकं आताच यांचं काहीतरी बिनसलेलं.

"कळप कधी येतोय?"

"येईल मागून."

"सकाळपासून तेच ऐकतेय! मला नांगरट सांगायचीय."

मेंढपाळाच्या बायकोने पेंढीचा बंध दातांत धरला, बोलायला नको म्हणून.

"खत पडल्याशिवाय नांगर घालू नकोस गं!" झाडाखालच्या खाटेवरून वहिनींचा नवरा ओरडला.

"तुम्ही गप्प पडा!"

दुपारी पाणी द्यायला गेल्या तेव्हा वहिनींनी तांब्या हातातच धरून ठेवला.

"नीट सांगणार आहात की नाही?"

"कळप राहिला नाही, वहिनी," मेंढपाळाची बायको म्हणाली. "साथीत गेला."

"सगळा?"

"सगळा."

"तरी कापणी चुकवायची नव्हती," मेंढपाळ पुटपुटला. "भाऊंचा पाय असा."

वहिनींना आधी रागच आला.

"आणि हे आत्ता सांगताय? माणसं आहात की दगड!"

तांब्या तिथेच ठेवून त्या तरातरा घराकडे गेल्या. परतल्या त्या एका मेंढीला ओढत. मेंढी चारी पाय रोवत होती.

"अगं, तिला कुठे नेतेस?" नवऱ्याने विचारलं. वहिनींनी तिकडे पाहिलंही नाही.

"ही घेऊन जा," त्यांनी दोर मेंढपाळापुढे धरला. "ओरडून ओरडून डोकं उठवते. माझ्याच्यानं होत नाही."

मेंढपाळाने मेंढीच्या पोटाखालून हात फिरवला.

"वहिनी, ही गाभण आहे. जुळं असेल."

"तेच म्हणतेय! एकीनं जीव नकोसा केलाय, तिघांना कोण सांभाळणार?"

मेंढपाळाच्या बायकोने पदर तोंडाशी नेला. वहिनी वैतागून विळा शोधू लागल्या.

"उद्या जरा पलीकडच्या वस्तीवर जाऊन येते," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तिथेही दोन-चार घरांत असलीच डोकेदुखी आहे."