पक्ष्याचा होकार

फीत कापली की पुन्हा जुळत होती. वृंदानं तिसऱ्यांदा कात्री चालवली. दोन्ही टोकं जरा लोंबली आणि गुपचूप एकमेकांना चिकटली. दर खेपेला दुकान मात्र हातभर आक्रसत होतं. दोन शटरांचं एकावर आलं, तरी मंडळी आपली टाळ्यांसाठी हात उचलून उभीच!

पूर्वी इथं अण्णांचं शिवणकामाचं दुकान होतं. अण्णा, तिचे वडील, गेल्या वर्षी गेले. नोकरी सोडून देवरुखला परतलेली वृंदा आता इथं केकचं दुकान काढत होती. हे उघडलं नाही तर पुढं काय?

"अगं, पक्षी कुठाय?" शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बर्वेबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या.

"पक्षी?"

"पत्रिकेवर ऐटीत 'इनॉग्युरेशन' छापलंस ना? शब्द लॅटिनमधला. रोममध्ये ऑगर नावाचे पुरोहित पक्षी कसे उडतात ते बघून शकुन सांगायचे. पक्ष्याचा होकार आला की मगच सुरुवात. शब्द मिरवायचा, तर त्याचं मागणंही पुरवावं!"

सगळ्यांनी माना वर केल्या. तारेवर एक कावळा बसला होता.

अण्णांच्या दहाव्यालाही पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा वृंदानं "आईला सांभाळेन" असं कबूल केलं होतं आणि तो झटकन उतरला होता. आताही आईनं तिला कोपरानं ढोसलं. "बोल की काहीतरी."

"अण्णा, तुमचा फोटो आत लावेन."

कावळा ढिम्म. दार खिडकीएवढं झालं.

"मशीन विकणार नाही."

दार मुठीएवढं झालं. आतून मशीनच्या तेलाचा, कोऱ्या कापडाचा वास आला. शाळा सुटल्यावर ती टेबलाखालच्या चिंध्यांत लोळायची, तेव्हाचा. तिला रडू आवरेना.

"काही कबूल करायचं नाही मला, अण्णा. तुम्ही हवे होतात, बस्स!"

कावळा उतरला, फितीला चोच लावून उडाला. फीत तुटली ती तुटलीच. टाळ्या वाजल्या.

दार तोवर सुईच्या नेढ्याएवढं उरलं होतं.

"वृंदे," आतून अण्णा म्हणाले, "ओवून दे गं. मला दिसत नाही."

तिनं फितीचं टोक ओठांत ओलं केलं आणि एक डोळा मिटला.