चौदाव्या थरातला जोड

"हळू, नंदाबाई. तार ओढू नका, तिले येऊ द्या," सदाशिवराव म्हणाले आणि लगेच ओशाळले. सांगायचं ते पोटात ठेवून ते भलतंच शहाणपण सांगत होते.

यवतमाळच्या त्या लहानशा कारखान्यात मेण सुटावं म्हणून गरम केलेली कॉइल टेबलावर होती. बारीक तारेचे चोवीस थर, थराथरात काचेच्या धाग्याची पट्टी, वर मेण. द्रव हीलियमच्या थंडीत बुडवली की या तारेतून वीज जराही न अडखळता वाहते आणि जबर ताकदीचं चुंबक होतं. आठ दिवसांपूर्वीच्या चाचणीत मात्र अर्ध्या प्रवाहालाच कॉइल आत कुठंतरी तापली आणि सगळा हीलियम वाफ होऊन उडाला.

"पट्टीला सुरकुती पडली असणार," कारखाना चालवणाऱ्या अनघा मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. पट्टी नंदाबाई बसवायची. तेव्हापासून तिची मान वर झाली नव्हती. आता ती एकेक थर उलगडून आपली सुरकुती शोधत होती.

ती सापडणार नाही हे सदाशिवरावांना ठाऊक होतं. चौदाव्या थरात त्यांचा जोड होता.

दारव्ह्याला वीस वर्षं त्यांनी पंपाच्या जळालेल्या मोटरी भरल्या. तार तुटली की टोकांना पीळ, कथलाचा डाग, वर बारीक नळी. सदाशिवरावांचा जोड कुणाला सापडत नाही, अशी ख्याती होती. पुढे कापूस बुडत गेला, विहिरी आटल्या, मोटरी यायच्या थांबल्या, आणि त्यांनी ही नोकरी धरली. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तार तुटली तर मला सांगा, जोडू नका. जोड तापतो, आणि त्या थंडीत चिमूटभर ऊबसुद्धा घात करते." पण जित्याची खोड. तार तुटली आणि हात चालून गेला. मग तोंड उघडायची लाज वाटली, आणि चाचणी फसताच ती लाज दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसली.

"पंधरावाबी साफ निंगाला," नंदाबाई म्हणाली. अजूनही सांगता आलं असतं. सदाशिवराव चष्मा पुसत राहिले.

चौदाव्या थरात तिचं बोट थबकलं. तिनं तार उजेडात धरली.

"भाऊ, हा तुमचा जोड हाय नं? आमच्या मोटरीत असाच होता. अकरा सालं चालला." आवाजात राग नव्हता, कौतुकच होतं. सदाशिवरावांना वाटलं, हिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मॅडम दारात आल्या. "काही सापडलं?"

नंदाबाईनं जोडावर अंगठा ठेवला. "नाही जी, अजून काही नाही."

"सापडलं, मॅडम," सदाशिवराव म्हणाले. "तिचा काही कसूर नाही. तार तुटली होती, मी जोडली. सांगितलं नाही. आठ दिवस तिले बोल खाऊ देल्ला."

मॅडमनी जोड पाहिला. मग म्हणाल्या, "नंदाबाई, मी चुकले."

नंदाबाईनं पिशवीतून एक लाटणं काढलं. जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्याच्यावर पट्टीसारख्या थरावर थर बसवलेल्या, कुठं एक सुरकुती नाही. आठ दिवस घरी सराव करून ती ते मॅडमना दाखवायला घेऊन आली होती.

"आता काय करायचं हे?" ती स्वतःशीच बोलली आणि चिंध्या सोडवू लागली. "पोळ्यायले घरात हे एकच लाटणं हाय."