तिघांचं निशाण

गल्लीत त्यांना सगळे निशाणकाका म्हणत. बंदरावरच्या उंच खांबावर जहाजांसाठी निशाणं चढवण्या-उतरवण्यात त्यांची उभी हयात गेली. तेवढ्यानं हौस भागली नाही म्हणून की काय, त्यांनी घरच्या अंगणातही लोखंडी पाइपाचा एक खांब रोवला होता. त्याचं निशाण काकूंनी जुन्या पडद्याचं शिवलं होतं, निळं आणि मधे पिवळी पट्टी. नियम एकच. काका, काकू आणि लेक तिघंही घरात असतील तरच निशाण वर. एक जरी बाहेर पडलं तरी खाली. लेक शाळेतून आली की दप्तर फेकून आधी दोराला लटकायची.

मग लेकीनं आपल्या मर्जीनं लग्न केलं आणि काकांनी तिला दार बंद केलं. निशाण कपाटात गेलं ते गेलंच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. लेकीला फोन करायला ज्यांचा हात उचलत नव्हता, तेच काका दरवर्षी शिडी लावून खांब रंगवत, वरच्या कप्पीत तेल सोडत, दोर विटला की बदलत. काकू खिडकीतून बघत आणि म्हणत, या माणसानं खांबाची केली तेवढी मनधरणी माझ्या पोरीची केली असती तर! काका ऐकू न आल्यासारखं करत.

काकूंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावून सांगितलं की आता घरीच ठेवा, हवं ते द्या. काकूंना जे हवं होतं ते त्यांनी कुणाला न विचारता स्वतःच मागवलं. लेकीला फोन केला. ती म्हणाली, उद्या संध्याकाळपर्यंत पोचते.

हे काकांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले, काकूंचा पलंग खिडकीशी ओढला आणि हातोडी घेऊन अंगणात गेले. निशाण चढवायचं तर आधी खांब तपासायला हवा, ही जन्माची सवय. बुंध्यावर हातोडी हलकेच वाजवली तर आवाज पोकळ आला. जरा जोरात मारली तर ती सरळ आत गेली.

खांब बाहेरून आरशासारखा चकचकीत होता आणि आतून सगळा गंजलेला. आत गेलेलं पावसाचं पाणी निघून जावं म्हणून बुंध्याशी एक भोक असतं. त्यातून मुंग्या शिरतात, दिसायला बरं दिसत नाही, म्हणून काकांनी ते स्वतःच्या हातानं रंगाऱ्याची लांबी भरून बुजवलं होतं आणि वर रंगाचे थर चढवले होते. पाणी आतच साठत राहिलं. सगळा जन्म खांबापाशी काढलेल्या माणसानं ही चूक करावी, याला काय म्हणायचं? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

त्यांनी कोपऱ्यावरच्या वेल्डरला बोलावलं. खांब आडवा केला, कुजलेला भाग कापला, त्या जागी जाड पाइपाचा तुकडा जोडून घेतला. वेल्डर म्हणाला, काका, घाई कशाला, उद्या उभा करू. काकांनी ऐकलं नाही. आजच हवा होता.

दुपारी ते पाणी प्यायला आत आले तेव्हा काकूंनी त्यांचं मनगट धरलं.

"खांब राहू द्या आता. इथं बसा जरा माझ्याजवळ."

"एवढा दोर ओवतो की आलोच," काका म्हणाले. "ती आली की तुला इथूनच दिसेल बघ."

काकूंनी मनगट सोडलं.

जुन्या दोराच्या टोकाला नव्याचं टोक शिवून कप्पीतून ओढून घ्यायचं, हे काम काकांच्या हाताला पाठ होतं. पण त्या दिवशी टाका दोनदा सुटला. तिसऱ्यांदा दोर आला. वेल्डरच्या मदतीनं त्यांनी खांब उभा केला, बोल्ट आवळले, दोर ओढून पाहिला. लोण्यासारखा चालत होता. हे सांगायला ते आत गेले. काकूंचं तोंड खिडकीकडे होतं आणि डोळे उघडे होते. काकांनी दोनदा हाक मारली. मग पलंगापाशी खालीच बसले, जिथं बसायला त्यांना मघाशी सांगितलं होतं.

लेक आली तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. तो बघून ती उंबऱ्यातच थांबली. नंतर कितीतरी वेळ आईच्या पायांवर डोकं ठेवून पडून राहिली. जुन्या भांडणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. डोकं वर करून तिनं एवढंच विचारलं, "आई शेवटी काही म्हणाली?"

"जवळ बस म्हणाली."

"मग?"

काकांनी खिडकीबाहेर खांबाकडे पाहिलं. लेकीनंही पाहिलं. बुंध्याशी ताजी जोड काळी दिसत होती. तिला सगळं कळलं, आणि कळलं ते काकांनाही दिसलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती उठली, कपाटातून निशाण काढून आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. दुखवट्याचं निशाण अर्ध्यावर लावायचं असलं, तरी आधी टोकापर्यंत चढवायचं आणि मग खाली घ्यायचं, ही बंदरावरची रीत. काकांनी ते बांधलं आणि टोकाला नेलं. इतक्या वर्षांनी ते वाऱ्यावर फडफडलं. माणसं अंगणात मान वर करून उभी राहिली.

"बाबा, आता अर्ध्यावर घ्या," लेक हळूच म्हणाली.

"असू दे जरा," काका म्हणाले. "अजून तिघंही घरात आहोत."

लेकीनं तोंडाला पदर लावला.

थोड्या वेळानं वेल्डरनं येऊन सांगितलं की गाडी आली आहे. चौघांनी काकूंना उचललं. त्या उंबऱ्याबाहेर गेल्या तसा काकांनी खुंटीवरचा दोर सोडला. त्यांची मनापासून इच्छा होती की कुठंतरी अडकावं, कप्पी गंजलेली निघावी, गाठ बसावी. पण काम चोख झालं होतं. निशाण सरसर खाली आलं, कुठं जरासुद्धा न अडकता.