आईच्या नावाने गेलेला मेसेज

आई गेली त्याला वर्ष होत आलं, तेव्हा थोरलीने आपल्या फोटोभोवती ती हिरवी चकती लावून घेतली. नोकरीधंद्याच्या ओळखी जोडणाऱ्या साइटवर ही चकती म्हणजे ‘मी काम शोधते आहे’ अशी पाटीच. पाटी लागल्यावर जुने सहकारी सांत्वनाला आल्यासारखे आले, हात जोडल्याची चित्रं टाकून हळहळले आणि निघून गेले. काम कुणाकडेच नव्हतं.

आईच्या आजारपणात नोकरी तिने आपणहून सोडली होती. आता शिल्लक तळाला लागली होती आणि घराचं भाडं धाकटा भाऊ एकटा भरत होता. तो त्याबद्दल अवाक्षर काढत नसे, पण हल्ली त्याने सिगारेट सोडली होती आणि ती तब्येतीसाठी सोडली नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आईने उभी हयात एका कारखान्याच्या खरेदी विभागात काढली. तिथे रुग्णालयांच्या खाटा बनत. पोलादी नळ्या, चाकं, रंग, खोकी, सगळं आईच्या सहीने आत येई. थोरलीनेही पुढे तोच धंदा धरला, फक्त कारखाना दुसरा. त्यामुळे एका फर्निचर कंपनीची ‘खरेदी अधिकारी हवे’ ही जाहिरात दिसली तेव्हा ती सावरून बसली. जाहिरात टाकणाऱ्या खरेदीप्रमुखाच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : तुम्हा दोघांची एक सामायिक ओळख. तिने बोट लावलं. ओळखपत्रावरचा फोटो उघडला, कपाळाला आठ्या घातलेली आई.

“अगं, हा तर शिकाऊ!” धाकटा मागून वाकून म्हणाला. हा माणूस उमेदवार म्हणून आईच्या हाताखाली आला, नऊ वर्षं राहिला, पण आईच्या तोंडी शेवटपर्यंत शिकाऊच राहिला. “ताई, आईच्या खात्यावरून त्याला दोन ओळी टाकू. टॅबलेटवर ते अजून उघडंच आहे.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“त्याला कुठे माहितीये ती नाही म्हणून? तिच्या कामावरच्या कुणाला आपण कळवलंय?”

“म्हणून गेलेल्या माणसाकडून वशिला लावायचा?”

“वशिला कसला? ओळख करून द्यायची. मग ही साइट काय लोणचं घालायला आहे?”

“नाही म्हणजे नाही. मी माझ्या नावाने अर्ज करते.”

तिने अर्ज केला. बरेच दिवस काहीच हललं नाही. मग अचानक मुलाखतीचं बोलावणं आलं आणि त्यात शेवटी होतं, ‘मॅडमच्या कन्येला भेटायला नक्कीच आवडेल.’ थोरलीने अर्जात आईचा उल्लेखही केला नव्हता. तिने धाकट्याकडे पाहिलं. तो मन लावून भांडी पुसत होता, आणि त्याने आजवर कधी मन लावून भांडी पुसली नव्हती.

“काय लिहिलंस?”

“चांगलंच लिहिलंय. अगदी नम्रपणे.”

“गाढवा.”

“असू दे. उद्या त्याने आईचं विचारलं तर ‘बरी आहे’ म्हण. दोन शब्द, ताई. दोन शब्दांनी कुणाचं काय जातंय?”

ती रागावली, पण दुसऱ्या दिवशी गेली. न जाण्याइतकी तिची परिस्थिती बरी नव्हती.

खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर चाकांचे नमुने मांडलेले होते, भिंतीला रंगांच्या पट्ट्या. शिकाऊ आता पन्नाशीला टेकला होता आणि चष्मा त्याने कपाळावर चढवला होता.

“बसा, बसा. मॅडम कशा आहेत?”

शब्द तोंडाशी आले होते. या माणसापुरती आई अजून कुठल्याशा घरात होती, चहा पीत, कुणावर तरी वैतागत. ते तसंच राहू द्यावं असं थोरलीला क्षणभर वाटलं, आणि त्यात नोकरीचा विचार नव्हता. ती नुसतीच हसली.

“निवृत्तीनंतर मवाळ झाल्या हं मॅडम. नऊ वर्षांत ‘कृपया’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही आणि परवाच्या मेसेजात तो जागोजागी! बायकोला दाखवला मी. म्हटलं बघ, पोरीसाठी माणूस कसा वाकतो.”

थोरलीने पर्स मांडीवरून खाली ठेवली.

“तो आईने लिहिलेला नाही. आई मागच्या वर्षी गेली. धाकट्या भावाने तिच्या खात्यावरून लिहिला. मी त्याला नको म्हटलं होतं. तरीही त्याने लिहिलाय, हे मला काल कळलं आणि कळूनही मी आले.”

शिकाऊने कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्याने सगळे विचारतात तेच विचारलं, त्याच क्रमाने : कधी, कशाने, फार त्रास झाला का. थोरलीची उत्तरं वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. त्याच्यासाठी ती बातमी मात्र आत्ताची होती.

“मला कुणी कळवलं नाही.”

“चुकलंच आमचं.” ती उठू लागली. “येते मी.”

“का? मुलाखत राहिलीय ना.” त्याचा आवाज कोरडा झाला होता. “जुना पुरवठादार आहे, चाकं देतो. माल उत्तम. दोनदा उशीर झाला, आता फोन उचलत नाही. काय कराल?”

“न कळवता त्याच्या कारखान्यात जाऊन उभी राहीन.”

“मॅडमनी त्याच दिवशी ऑर्डर दुसऱ्याला दिली असती.”

“दिली असती. आणि मग त्या दुसऱ्याच्या चाकांनी खाटा कुरकुरल्या असत्या. आईचं तिथे चुकायचं. उशीर झाला की तिचं डोकं फिरायचं, कारण विचारायला ती कधी गेलीच नाही.”

वर्षभरात त्यांच्या घरात आईबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. गेल्यापासून आई सगळ्याच बाबतीत बरोबर होती.

शिकाऊ एकदम हसला. “कुरकुरल्याच होत्या! अख्खी खेप परत आली. रुग्णालयाच्या एका मेट्रनने, मुख्य नर्सने, फोनवरून अशी झाडली, विचारू नका. मॅडम म्हणाल्या, शिकाऊ, तूच ऐकून घे, तुझे कान अजून तरुण आहेत.”

थोरलीलाही हसू आलं. शिकाऊने चष्मा उचलून पुन्हा कपाळावर चढवला.

“अजून दोघं यायचेत,” तो म्हणाला. “त्यांना भेटल्याशिवाय मी काही सांगणार नाही. आणि तो मेसेज आला नव्हता असं धरून चालणार.”

“धराच.”

दाराशी त्याने तिला थांबवलं. “मी उत्तर लिहिलं होतं. मॅडमना. तुम्ही वाचलंत?”

“नाही.”

“नाही वाचलंत तर बरं होईल.”

फाटकाबाहेर येऊन तिने धाकट्याला फोन लावला.

“काय झालं?”

“खरं सांगितलं.”

“म्हणजे नोकरी गेली.”

“माहीत नाही. बाकीच्यांबरोबर मीही एक.”

“ताई, त्याने आईला केवढं मोठं उत्तर लिहिलंय. वाचून दाखवू?”

तिला ऐकायचं होतं. इतकं की तिने फोन दुसऱ्या कानाला नेला.

“नको. ते तिच्यासाठी आहे. मी आले की खातं बंद करू.”

“पण मी वाचलंय त्याचं काय करू?” धाकटा म्हणाला आणि रडायला लागला. आई गेल्यापासून त्याला रडताना तिने ऐकलं नव्हतं.

एक ट्रक फाटकातून मागे येत होता. थोरली भिंतीला सरकली आणि फोन कानाला तसाच धरून उभी राहिली.