'गल्लाभरू'ची नोंद

शब्दकोशाच्या कचेरीत 'ग' अक्षर वहिनीच्या वाट्याला आलं आणि तिथून सगळं बिनसलं. तिला वहिनी म्हणणारा खरं तर एकच, तिचा नाटकवाला दीर; पण त्याच्या हाका ऐकून ऐकून शिपायापासून सगळेच तिला वहिनी म्हणू लागले होते.

दिराच्या नाटकात आंधळी आई, जुळे भाऊ आणि शेवटी कोर्टात रडारड ठरलेली. टीकाकारांकडेही ठरलेला एकच शब्द होता: गल्लाभरू. 'ग' सुरू झाल्याचं कळताच तो तिच्या टेबलासमोर ठाण मांडून बसला.

"वहिनी, अर्थ काय लिहिताय?"

"फक्त पैशासाठी रचलेली, कलेची फिकीर नसलेली कृती."

"आणि शब्द आला कुठून?"

"गल्ला म्हणजे दुकानदाराची पैशांची पेटी. ती भरणारं ते गल्लाभरू, पोटभरूसारखं. गल्ला मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. तिकडे अर्थ धान्य, पीक."

दीर ताडकन उठला. "म्हणजे मी अन्नदाता!"

"भावजी, खाली बसा."

"बसतो. पण माझा गल्ला भरलाय कधी? पहिल्या रांगेत तुम्ही आणि दादा, तेही फुकट पासावर. मग मी गल्लाभरू कसा?"

मुद्दा बिनतोड होता. शब्द हेतूला लागतो की फळाला? तिने प्रमुख संपादकांना विचारलं. 'अ'पासून कुणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "प्रयोग पाहिल्याशिवाय नोंद होणार नाही."

सगळं संपादक मंडळ पेन्सिली सरसावून नाटकाला गेलं. दुसऱ्या अंकात आंधळ्या आईने भलत्याच जुळ्याला पोटाशी धरलं, तसे प्रमुख संपादक उभे राहून ओरडले, "अहो, तो नव्हे, दुसरा!" आणि मोठ्याने हुंदके देऊ लागले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. विद्वान ढसाढसा रडतात म्हटल्यावर गाव लोटलं. थिएटरवर 'हाउसफुल्ल'ची पाटी लागली.

दीर पांढराफटक होऊन कचेरीत आला. "वहिनी, घात झाला. गल्ला भरला!"

"अहो, अभिनंदन!"

"कसलं अभिनंदन? आता मी तुमच्या व्याख्येत चपखल बसलो. तेवढं धान्यावरच थांबा ना!"

"शब्द काय माझ्या बापाचा आहे, भावजी?"

तो फणकाऱ्याने निघून गेला. वहिनीने लिहिलं, 'गल्ला भरावा एवढ्याच हेतूने रचलेली, मग तो भरो वा न भरो; कलेची फिकीर नसलेली कृती.' प्रमुख संपादकांनी कागद वाचला आणि दार लावून घेतलं.

"ते कलेचं काढा."

"का?"

"मग मी रडलो कशाला?"

खरं सांगायचं तर तीही रडली होती, आणि त्याचा तिला भयंकर राग आला होता. शब्द खोडायला मन धजेना, ठेवायलाही धजेना. शेवटी 'कलेची' या शब्दाच्या आधी तिने 'बहुधा' घातलं आणि कागद छापायला दिला.

कोश बाहेर पडल्यावर दिराने ते 'बहुधा' शोधून काढलं. रुसवा जागच्या जागी विरला. पुढच्या आठवड्यात भिंतीभिंतींवर जाहिरात झळकली: 'शब्दकोशाने गौरवलेलं एकमेव नाटक!'