विंगेतली खुर्ची

नटवर्यांनी चाळीस वर्षं रंगभूमी गाजवली, सिनेमाही गाजवला, पण स्वतःच्या मनाचं एक वाक्य त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं. हे गुपित दोघींनाच ठाऊक. एक त्यांची बायको, कारण तिला घातलेली मागणीसुद्धा लिहून आणलेली होती. आणि दुसरी ती लिहून देणारी प्रॉम्प्टर, ताई. नाटकात ताई वही धरून विंगेत उभी असायची. सिनेमात कधी पलंगाखाली, कधी कपाटात, एकदा तर चक्क पिंपात.

पुढे नटवर्यांना दानधर्माचं वेड लागलं. रक्तदान शिबिरं झाली, शाळेला ग्रंथालय झालं, दवाखान्याला रुग्णवाहिका झाली. दर उद्घाटनाला ताई कुंड्यांच्या मागे. टाळ्या त्यांना, डास हिला.

आता मात्र गोष्ट थेट ताईपर्यंत आली होती. नटवर्यांना पडद्यामागच्या म्हाताऱ्या माणसांसाठी घर काढायचं होतं: केसांचा टोप बसवणारा, दिवेवाला, कपडेवाली. ताईच्या भाच्याने तिला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं होतं, पण ते तिने नटवर्यांना सांगितलं नव्हतं. मोडेन पण वाकणार नाही, असला स्वभाव.

एका मालकीणबाईंचा बंगला रिकामा होता. त्यांची अट एकच. "नाटकी माणसांवर माझा भरवसा नाही. पाठ केलेलं एक अक्षर ऐकणार नाही. घर कोणासाठी हवंय ते तुमच्या शब्दांत सांगा. पटलं तर किल्ल्या न्या."

"ताई, मेलो, ठार मेलो!" गाडीत नटवर्य म्हणाले. हेही कुठल्याशा फार्सातलंच होतं.

मालकीणबाई चहाचं सांगायला आत गेल्या, तेवढ्यात ताई बाहेरून येऊन दिवाणखान्यातल्या जाड पडद्यामागे शिरली. बाई परत येऊन बसल्या. "हं, बोला."

"ही माणसं आयुष्यभर अंधारात राबली," ताई कुजबुजली.

"ही माणसं आयुष्यभर अंधारात राबली!" नटवर्य गरजले.

"थांबा. आवंढा गिळा."

नाटकात पाठांतर असायचं, त्यामुळे वाक्य कुठलं आणि सूचना कुठली हे त्यांना कळायचं. आज भीतीने डोकं पार रिकामं झालं होतं. कानात पडेल ते तोंडातून बाहेर.

"थांबा! आवंढा गिळा!" त्यांनी मालकीणबाईंना फर्मावलं. बिचाऱ्यांनी खरोखरच गिळला.

ताईने कपाळावर हात मारून घेतला. "अहो दादा, हे नाही बोलायचं!"

"अहो दादा, हे नाही बोलायचं!"

ताईने हसू दाबायला तोंडात पदर कोंबला. त्यात पडद्याची धूळ नाकात गेली आणि ती शिंकली. नटवर्यही शिंकले, अगदी तसंच बारीक आणि नाजूक. मालकीणबाईंची नजर हळूहळू पडद्याकडे वळली. आता संपलं, असं ताईला वाटलं. तिच्या गुडघ्यातून कळ गेली आणि ती स्वतःशीच पुटपुटली, "चाळीस वर्षं उभं राहून काढली. एक खुर्ची दिली नाही मेल्यांनी. आता तर डोक्यावर छप्परही नाही."

"चाळीस वर्षं उभं राहून काढली!" नटवर्यांचा आवाज छताला भिडला. "एक खुर्ची दिली नाही मेल्यांनी! आता तर डोक्यावर..."

ते थांबले. आपण काय बोललो, ते त्यांना आता ऐकू आलं.

ताईची तारांबळ उडाली. "छप्परही नाही, छप्परही नाही! बोला ना, दादा!"

नटवर्यांनी जाऊन पडदा सारला. पदर तोंडाशी, वही छातीशी, एका पायावर भार टाकून ताई उभी होती.

"तुझी खोली गेली?"

ताईने मान डोलावली.

"आणि विंगेत... तुला खुर्ची नव्हती?"

"नव्हती."

"मी कधी बघितलंच नाही गं." त्यांचा आवाज चिरका निघाला. असला आवाज ताईने कधी ऐकला नव्हता. त्यांनी आपली खुर्ची ओढत आणली. "बस. आधी बस."

ताई बसली. खुर्ची मऊ होती. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"हे पाठ केलेलं होतं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"नाही हो," ताई म्हणाली. "हे माझ्या वहीत नाही."

मालकीणबाई उठल्या आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगा ताईच्या मांडीवर ठेवला. नटवर्यांनी आभार मानायला तोंड उघडलं, आणि सवयीने ताईकडे पाहिलं.

ताईने वही मिटली. "पुढचं तुमचं तुम्ही, दादा."

नटवर्य बोलू लागले. अडखळले, चुकले, दोनदा तेच बोलले. ताई पाय पसरून ऐकत बसली.