शून्याची रेघ

रिकाम्या काट्याची सुई शून्यावर नव्हती. शून्याच्या डावीकडे बारा रेघा मागे होती. धाकटीने वाकून एकदा मोजल्या, मग चष्मा चढवून पुन्हा मोजल्या.

वजनमापं तपासायच्या खात्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. दुकानात शिरल्यावर ती आधी शून्य बघायची, मग दुकानदाराचा चेहरा. आपल्याच घरातल्या काट्याचं शून्य मात्र तिने इतक्या आठवड्यांत दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनेच ते लावलं होतं. त्यानंतर ती स्वयंपाकघरातून पेन्सिल घेऊन येईपर्यंत ताईचा पाय काट्यावर ठेवलेलाच असायचा. आज पेन्सिल केसांतच खोचलेली होती, म्हणून ती लवकर आली. ताई अजून न्हाणीघरात होती.

सात महिन्यांपूर्वी ताईच्या उजव्या खुब्यात कळ उठली. आठवड्याभरात पाय टेकवेना. शिवणयंत्राच्या पायट्यावर पाय ठेवला तरी घामाने भिजायची, पण ओरडायची नाही. गळ्यातली मापाची टेप दातांत धरायची. टेपवर साठच्या आकड्याजवळ अजून दातांच्या खुणा होत्या.

खुब्याचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले होते, “हाडाच्या आत पाणी साचलंय, हाड विरळ झालंय. फार क्वचित दिसतं हे. झालंच तर मध्यमवयीन पुरुषांना होतं, नाहीतर गरोदर बायकांना.”

“यातली मी कोण, तेवढं सांगा,” छप्पन्न वर्षांची, बिनलग्नाची ताई म्हणाली होती.

डॉक्टर हसले होते. आपोआप बरं होईल, म्हणाले, सहा महिने लागोत की नऊ; पण तोवर पायावर भार नको. मग हळूहळू, काट्यावर मोजून. चांगला पाय लाकडी ठोकळ्यावर, दुखरा काट्यावर. आधी पाच किलो, मग दहा. धाकटीने भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवला. रेघ चाळिसापर्यंत चढली आणि तिथे पाच आठवडे आडवी पडून राहिली.

“चाळिसाच्या पुढे कळ येते गं,” ताई म्हणायची.

गेल्या खेपेला डॉक्टरांनी नवा फोटो दोनदा उजेडात धरला. “हाड तर छान भरलंय. मग दुखतं कसं?”

चाळीस आणि बारा, बावन्न. ताईचं वजन बावन्नच होतं.

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. पाय कमी दाबला असता तर ताईच्या चेहऱ्यावरून आपल्याला कळलं असतं, हे तिच्या लक्षात आलं. ताईला खोटं बोलता येत नसे. म्हणून तिने ते काट्याला बोलायला लावलं होतं. धाकटीचा काट्यावर किती विश्वास आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ताई पायावर उभी राहिली की सांगायचं, असं धाकटीने ठरवलं होतं. दुखणं येण्याआधीच सांगायला हवं होतं, पण तेव्हा धीर झाला नाही. दुसऱ्या गावचा ग्रंथपाल दर रविवारी सकाळी दहाला फोन करायचा. नव्या कपाटांबद्दल सांगायचा, वाळवीबद्दल सांगायचा; विचारायचा नाही. गेल्या रविवारी मात्र म्हणाला, “येत्या रविवारपर्यंत सांगा. नाही म्हणालात तरी चालेल. आता वाट बघणं झेपत नाही.” पन्नाशीच्या बाईशी असं कोणी बोलेल, हे तिला खरंच वाटलं नव्हतं. तो रविवार आज होता.

तिने काट्याच्या कडेचं, शून्य लावायचं चाक फिरवलं. सुई एकेक रेघ पुढे सरकत शून्यावर आली. तिचा अंगठा तिथेच थांबला. पुन्हा बारा रेघा मागे नेणं काही अवघड नव्हतं. कागदावर चाळीस लिहायचं, दहा वाजता फोनवर सांगायचं, अजून थोडे दिवस. पाच आठवडे शून्य न बघण्यात आपलाही हात होता की काय, असं तिला वाटून गेलं.

न्हाणीघराचं दार वाजलं. ताई कुबड्या टेकत आली, आणि काट्याकडे बघून उभी राहिली.

“लवकर आलीस आज.”

“पेन्सिल डोक्यातच होती.”

“खोड जायची नाही तुझी. वाण्याकडे तपासतेस ते तपासतेस, आता बहिणीवर पण धाड?”

धाकटी हसली नाही. ताईनेही मग हसू आवरलं. कुबड्या भिंतीला टेकवल्या. चांगला पाय ठोकळ्यावर, दुखरा काट्यावर. सुई तीसवर गेली. चाळीसवर. पंचेचाळीसवर. ताईने बहिणीच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली, आणि ठोकळ्यावरचा पाय उचलला.

बावन्न. सुई जरा थरथरली आणि स्थिर झाली.

“दुखतंय?” धाकटीने विचारलं.

“पायात नाही.”

ताईने खांद्यावरची बोटंही काढून घेतली. एका पायावर उभी राहिली. लहानपणी लंगडी खेळताना राहायची, तशी. चांगली दहा-बारा सेकंद. मग सावकाश खाली उतरली. धाकटीने भिंतीकडे जाऊन बावन्नावर ठिपका काढला. आडव्या रेघेपासून तो फार वर, एकटाच दिसत होता.

ताई पलंगावर बसून काट्याकडे बघत होती. “दर रविवारी दहा वाजता तू गॅलरीत कपडे वाळत घालतेस,” ती म्हणाली. “वाळलेलेच. एकदा तर मी इस्त्री केलेले.”

धाकटी वळली. “मग विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं, तर सांगितलं असतंस.”

घड्याळात दहाला पाच मिनिटं कमी होती. ताईने गळ्यातली टेप काढली, बोटांभोवती गुंडाळली, उलगडली.

“बोल आता, चिमणे,” ती म्हणाली. “मी उभी राहिले ना?”

धाकटीने पेन्सिल खाली ठेवली.

“ताई, मी लग्न करतेय.”